उजव्या कुशीतलं सोंग

१९७६ च्या सप्टेंबरात, शाळा नुकत्याच उघडल्या असताना, अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातल्या ओनायडा काउंटीत मुलांची पोटं दुखू लागली. ताप, मळमळ आणि बेंबीच्या खाली उजवीकडे अशी कळ, की मुलं तिथे हात लावू देईनात. ऑक्टोबरपर्यंत ३६ मुलांना रुग्णालयात ठेवावं लागलं. त्यांतल्या १६ जणांचं अपेंडिक्स काढण्यात आलं.

अपेंडिसायटिस काही एका बाकावरून दुसऱ्या बाकावर जाणारा आजार नव्हे. मग एकाच भागातल्या इतक्या मुलांना तो एकदम कसा व्हावा? साथरोगतज्ज्ञ कामाला लागले तेव्हा समजलं, की दुखणं खरं होतं, पण त्याचं मूळ अपेंडिक्समध्ये नव्हतं. ते शाळेच्या उपाहारगृहात मिळणाऱ्या चॉकलेटच्या दुधात होतं. त्या दुधात एक जंतू वाढत होता, आणि अपेंडिसायटिसचं सोंग तो इतकं हुबेहूब वठवत होता की अनुभवी सर्जनही फसावेत.

सर्जन उतावळे होते, असं म्हणून मोकळं होता येईल. पण ते अन्यायाचं ठरेल. त्यांच्या घाईमागे मोठा इतिहास होता, आणि तो बराचसा उशीर झाल्यामुळे दगावलेल्या मुलांचा नि तरुणांचा इतिहास होता.

अपेंडिक्स काढल्याची पहिली नोंद एका मुलाचीच आहे. ६ डिसेंबर १७३५ रोजी लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटलमध्ये क्लॉडियस अमियांड या सर्जनने ११ वर्षांच्या एका मुलाचा अंतर्गळ उघडला. मुलाच्या मांडीपाशी एक जखम होती आणि तिच्यातून मळ झिरपत होता. आत अपेंडिक्स सापडलं, आणि त्याला भोक पाडून बसलेली एक टाचणीही सापडली. टाचणीवर दगडासारखा थर चढला होता. मुलाने ती कधीतरी गिळली असणार. भूल देण्याची विद्या यायला अजून शतकभर अवकाश होता. अर्धा तास चाललेली ती शस्त्रक्रिया त्या पोराने शुद्धीवर राहून सोसली, आणि तो वाचला.

पण अमियांड निघाला होता अंतर्गळ दुरुस्त करायला, अपेंडिक्सचा रोग शोधायला नव्हे. पुढची दीडशे वर्षं पोटाच्या उजव्या कोपऱ्यातल्या दुखण्याचा ठपका मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीवर ठेवला जाई. १८२७ मध्ये पॅरिसमध्ये फ्रांस्वा मेलिए याने अपेंडिक्सकडे बोट दाखवलं होतं, पण तिथला सर्वांत वजनदार सर्जन ड्युप्युत्रां त्या मोठ्या आतड्याच्याच बाजूचा. मेलिएचं म्हणणं बाजूला पडलं. रोग्यांना अफू देऊन वाट पाहत ठेवण्याचा रिवाज चालू राहिला. अफूने कळ थांबे. आत पसरणारा पू थांबत नसे.

१८८६ च्या जूनमध्ये वॉशिंग्टनमधल्या एका सभेत बोस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झने हा गैरसमज निकालात काढला. फिट्झ सर्जन नव्हता; शवविच्छेदन करणारा विकृतिशास्त्रज्ञ होता. त्याने अपेंडिक्सला भोक पडल्याची २५७ प्रकरणं एकीकडे मांडली, मोठ्या आतड्याच्या पिशवीचा रोग म्हणून नोंदलेली २०९ प्रकरणं दुसरीकडे मांडली, आणि दोन्हींची लक्षणं एकच आहेत हे दाखवून दिलं. रोगाला अपेंडिसायटिस हे नाव त्यानेच दिलं. वेळ न दवडता पोट उघडा, हा त्याचा सल्ला. तीन वर्षांनी न्यूयॉर्कच्या चार्ल्स मॅकबर्नीने बोट नेमकं कुठे टेकवायचं ते सांगितलं. कमरेच्या उजव्या हाडाचं पुढचं टोक आणि बेंबी यांना जोडणाऱ्या रेषेवर, हाडापासून साधारण एक तृतीयांश अंतरावर. वैद्यकाचे विद्यार्थी आजही तो बिंदू मॅकबर्नीच्याच नावाने पाठ करतात.

तरीही जुनी सवय सुटायला राजा आजारी पडावा लागला. एडवर्ड सातवा याचा राज्याभिषेक २६ जून १९०२ ला ठरला होता. २४ जूनला बकिंगहॅम राजवाड्यातच फ्रेडरिक ट्रीव्ह्जने त्याच्या अपेंडिक्सभोवती साठलेला पू काढला. या ट्रीव्ह्जची स्वतःची मुलगी दोनच वर्षांपूर्वी अपेंडिसायटिसने गेली होती. समारंभ ९ ऑगस्टपर्यंत लांबला. पाहुणे म्हणून आलेल्या हिंदुस्थानी संस्थानिकांत कोल्हापूरचे शाहू छत्रपती होते. संस्थानच्या नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवणारा त्यांचा हुकूम करवीरच्या गॅझेटात निघाला तो याच लांबलेल्या मुक्कामात, २६ जुलैला. राजाचं अपेंडिक्स आणि आरक्षणाचा हुकूम यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. एवढंच, की दोन्ही एकाच उन्हाळ्यातले.

राजा बरा झाला आणि अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेला प्रतिष्ठा आली. विसाव्या शतकात लाखो मुलं तिने वाचवली, यात वाद नाही. पण वेळेवर पोट उघडायचं म्हणजे पुरती खात्री पटण्याआधी उघडायचं. मग काही वेळा आत निरोगी अपेंडिक्स मिळणारच. शंभर शस्त्रक्रियांत पंधरा-वीस अपेंडिक्स निर्दोष निघाली तरी तो सर्जनचा दोष मानला जात नसे. उलट एकही निर्दोष निघत नसेल तर हा सर्जन फार थांबतो, कुठल्या तरी मुलाचं अपेंडिक्स पोटातच फुटू देतो, अशी शंका घेतली जाई. हिशेब क्रूर वाटतो, पण अल्ट्रासाऊंड नि सीटी स्कॅनच्या आधीच्या काळात तो बरोबर होता.

प्रश्न उरला तो त्या पंधरा-वीस जणांचा. त्यांची पोटं दुखत होती ती कशाने?

पोट उघडल्यावर सर्जनला काय दिसे, याची वर्णनं एकमेकांशी जुळतात. अपेंडिक्स स्वच्छ, फार तर किंचित लालसर. मात्र लहान आतड्याचं शेवटचं टोक सुजलेलं, जाड, लालबुंद. आणि आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्यात लसिकाग्रंथींच्या गाठी टरारलेल्या. १९२१ मध्ये शिकागोचे बालरोगतज्ज्ञ जोसेफ ब्रेनेमन यांनी लिहिलं, की मुलांचा घसा बिघडला की पोट दुखतं आणि डॉक्टर अपेंडिक्सवर घसरतात. निरीक्षण मार्मिक होतं. पण घशाला काहीही न झालेल्या मुलांच्या पोटातही त्याच गाठी सापडत. पुष्कळदा क्षयाची शंका येई. तपासणीत क्षयाचे जंतू मिळत नसत. गाठी कापून पाहिल्या, नाव दिलं, टाके घातले, मूल चार दिवसांत बरं होऊन घरी गेलं. बरं झालेल्या मुलाच्या मागे कोण लागतो?

मागे लागले ते जर्मन. १९५३ मध्ये मासहोफ या विकृतिशास्त्रज्ञाने अशा गाठींच्या पातळ कापांत एक ठरावीक रचना पाहिली: मधे पुवाचे बारीक पुंजके, भोवती विशिष्ट पेशींची गर्दी. लगेच त्याचा सहकारी वॉल्टर क्नाप याने त्याच गाठींतून जंतू वाढवून दाखवला. जंतू नवा नव्हता. १८८३ मध्ये मालासे आणि विन्याल या फ्रेंच संशोधकांनी तो गिनीपिगमध्ये पाहिला होता. क्षयासारख्या गाठी करतो पण क्षयाचा नाही, म्हणून त्याचं नाव स्यूडोट्युबरक्युलोसिस, म्हणजे खोटा क्षय. सत्तर वर्षं तो ससे, उंदीर, पक्षी यांचा रोग म्हणून पशुवैद्यांच्या खात्यात पडून होता. माणसाला क्वचित झालाच तर जिवावर बेतणारा ताप येतो, अशी समजूत होती. तो शाळकरी मुलांच्या पोटात बसून अपेंडिक्सचं नाव घेत असेल, असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. क्नापने १९५८ मध्ये एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात हे इंग्रजीत लिहिलं तेव्हा ते जर्मनीबाहेर पोचलं.

या जंतूचा एक भाऊबंद आणखी उपद्रवी निघाला. १९३९ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या प्रयोगशाळेत श्लाइफस्टाइन आणि कोलमन यांनी एका अनोळखी जंतूचं वर्णन केलं. नाव काय द्यावं हे त्यांनाही कळेना. पुढे युरोपात तो वेगवेगळ्या नावांनी वावरला. एक नाव तर नुसतं ‘पाश्चुरेला एक्स’. १९६४ मध्ये डॅनिश संशोधक फ्रेडरिकसन याने त्याला येर्सिनिया एंटेरोकोलिटिका म्हटलं आणि त्याचं गोत्र ठरलं. दोन वर्षांत स्वीडनमधल्या माल्मो शहरातून विनब्लाड आणि सहकाऱ्यांचा लेख आला: अपेंडिसायटिसच्या शंकेने दाखल झालेल्या रोग्यांत हा जंतू सापडतो.

येर्सिनिया हे घराणं मुंबईला आणि पुण्याला अगदी जवळचं आहे. याच घराण्याचा तिसरा सदस्य म्हणजे प्लेगचा जंतू. १८९४ मध्ये हाँगकाँगमध्ये अलेक्झांद्र येर्सिनने तो शोधला. रुग्णालयात जागा मिळाली नाही म्हणून त्याने आवारात गवताची झोपडी बांधून काम केलं. त्याच्याकडे जंतू ऊबेत वाढवणारी पेटीही नव्हती, आणि तेच त्याच्या पथ्यावर पडलं. हा जंतू शरीराच्या उष्णतेपेक्षा थोड्या थंड हवेत अधिक चांगला वाढतो. प्रतिस्पर्धी कितासातोकडे पेटी होती, सोयी होत्या, आणि त्याच्या नमुन्यांत भलतेच जंतू मिसळले. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवीत मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. जानेवारी १८९७ मध्ये भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात हाफकिनने आपली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षी येर्सिनही आपलं सीरम घेऊन मुंबईत आला. त्याला फारसं यश आलं नाही.

१९४४ मध्ये डच संशोधक व्हान लोगेम याने या जंतूंच्या घराण्याला येर्सिनचं नाव देण्याचं सुचवलं. शतकाच्या शेवटी जनुकांचा अभ्यास झाला तेव्हा त्याहून मोठी गोष्ट बाहेर आली: प्लेगचा जंतू म्हणजे त्याच खोट्या क्षयाच्या जंतूची काही हजार वर्षांपूर्वी फुटलेली फांदी. मूळ पुरुष मुलांच्या पोटात आठवडाभर कळा आणतो, वंशज शहरं ओस पाडतो. दोघांचा ओढा मात्र लसिकाग्रंथींकडे. प्लेगात जांघेत, काखेत गाठ येई, ती बाहेरून दिसे. पोटातल्या गाठी पोट उघडल्याशिवाय दिसत नसत.

शरीराच्या आत सोंग वठतं ते असं. अन्नातून गेलेला जंतू लहान आतड्याच्या अखेरच्या टोकाशी पोचतो. तिथे आतड्याच्या अस्तरात लसिकापेशींचे पुंजके असतात. सतराव्या शतकातल्या योहान पायरवरून त्यांना पायर्स पॅचेस म्हणतात. या पुंजक्यांवरच्या काही पेशींचं कामच मुळी आतड्यातला नमुना उचलून आत तपासणीला पाठवण्याचं. जंतू याच दारातून आत शिरतो. पुंजका सुजतो, मग मागच्या ग्रंथी सुजतात. आणि हे सगळं घडतं ते अपेंडिक्सपासून काही बोटांच्या अंतरावर. मोठ्या मुलांत आणि किशोरवयात हे लसिकाऊतक भरात असतं, म्हणून सोंगही त्याच वयात जास्त दिसतं. तान्ह्या बाळाला तोच जंतू बहुतेक वेळा नुसते जुलाब देतो, कधी रक्ताचे.

आता ओनायडाकडे. तपास करणारे मुलांच्या पोटाकडून त्यांच्या ताटाकडे वळले. पाच शाळांत आजारी आणि निरोगी मुलांना काय खाल्लं, काय प्यायलं, हे विचारण्यात आलं. उत्तर एकाच दिशेने जात होतं. जंतू ३८ रोग्यांत मिळाला, आणि पुढे तोच, त्याच उपप्रकाराचा, चॉकलेटच्या दुधातही मिळाला. दूध पाश्चराइज केलेलं होतं. पण चॉकलेटचा पाक त्यात मिसळला जाई तो त्यानंतर, डेअरीत, हाताने. उष्णतेने निर्जंतुक झालेल्या दुधात जंतू शिरायला तेवढी फट पुरली.

पुढचं काम शीतपेटीने केलं. बहुतेक रोगजंतू थंडीत गारठून बसतात. येर्सिनिया चार अंशांवरही वाढतो, सावकाश पण न थांबता. आणि तिथे त्याच्याशी स्पर्धा करणारे इतर जंतू निपचित असतात. सुरक्षिततेसाठी गार ठेवलेलं दूध हे त्याचं हक्काचं कुरण झालं. गंमत अशी की प्रयोगशाळेतही तो पकडण्याची जुनी रीत हीच: रोग्याच्या शौचाचा नमुना दोन-तीन आठवडे फ्रिजमध्ये ठेवायचा आणि मग काय वाढलं ते पाहायचं. तोवर मुलाचे टाके निघून तो पुन्हा मैदानावर गेलेला असे.

ओनायडाचा खरा धडा संख्येत होता. एका मुलाचं पोट तपासणाऱ्या सर्जनला फरक कळणं जवळजवळ अशक्य. सोळा मुलं एका नकाशावर मांडली की अपेंडिक्स मागे पडतं आणि दूध पुढे येतं. फिट्झनेही नव्वद वर्षांपूर्वी हेच केलं होतं. त्याच्या मोजणीने अपेंडिक्स गुन्हेगार ठरलं, या मोजणीने ते सुटलं.

सहा वर्षांनी दुधानेच पुन्हा फसवलं. १९८२ च्या उन्हाळ्यात टेनेसी, आर्कान्सा आणि मिसिसिपी या राज्यांत येर्सिनियाचे १७२ रोगी नोंदले गेले आणि १७ जणांची अपेंडिक्स निघाली. धागा मेम्फिसच्या एका डेअरीच्या पाश्चराइज केलेल्या दुधाकडे गेला. तिथे मुदत संपलेलं दूध क्रेटांसकट डुकरांच्या फार्मवर जाई आणि चिखलाने भरलेले क्रेट डेअरीत परत येत. डुकराच्या घशात नि आतड्यात या जंतूचं कायमचं बिऱ्हाड असतं. क्रेटांवरून तो पुठ्ठ्याच्या खोक्यांवर आणि खोक्यांवरून दुधात गेला असावा, असा तर्क झाला; शेवटचा दुवा मात्र हाती आला नाही.

डुकराचा मार्ग अटलांटात अधिक थेट होता. १९८८ च्या नोव्हेंबरपासून १९८९ च्या नव्या वर्षापर्यंत तिथे १५ मुलं आजारी पडली, बहुतेक तान्ही. दक्षिणेकडच्या कृष्णवर्णीय कुटुंबांत सणाला डुकराची आतडी शिजवण्याची परंपरा आहे. आतडी साफ करायला तासन् तास लागतात. घरातली बाई ती साफ करता करता मधेच बाळाला बाटली देई. बाळाने ते पक्वान्न चाखलंही नव्हतं. हातांनी काम केलं.

फिनलंडमध्ये वेगळंच. तिथे आरोपी हिरवा होता, पुढे केशरी झाला. १९९८ च्या शरदात खोट्या क्षयाच्या जंतूचे ४७ रोगी सापडले. पाच जणांची अपेंडिक्स काढली गेली, एकजण दगावला. माग आइसबर्ग लेट्यूसच्या शेतांपर्यंत गेला. कुंपण नसलेल्या त्या शेतांत रो जातीची रानहरणं मोकळी फिरत. त्यानंतर काही वर्षांत शाळांच्या जेवणातल्या कच्च्या, किसलेल्या गाजराने एकामागून एक उद्रेक झाले. २००६ मध्ये टुसुला आणि नुर्मियार्वी या गावांत चारशेंहून अधिक जण आजारी पडले, त्यांत मुलंच बहुसंख्य. गाजरं आदल्या हंगामातली, महिनोन् महिने शीतगृहात साठवलेली. उंदीर-चिचुंद्रींच्या लेंड्या लागलेल्या गाजरांना तिथे जंतूला हवा तसा गारवा मिळाला. फिन्निश डॉक्टरांना या जंतूची दुसरी खोडही ठाऊक होती. पोटदुखी थांबल्यावर दोन-तीन आठवड्यांनी गुडघे नि घोटे सुजायचे, नाहीतर नडग्यांवर लाल दुखऱ्या गाठी यायच्या. १९६९ मध्येच हेलसिंकीच्या आहवोनेन आणि सहकाऱ्यांनी सांधेदुखीचा हा संबंध दाखवला होता. काढलेलं अपेंडिक्स निर्दोष होतं, हे काही घरांना मुलाच्या गुडघ्यावरून कळलं.

इकडे महाराष्ट्रात या साथींचा दुधाचा मार्ग बऱ्याच अंशी घरातच अडतो. पिशवीचं दूध पाश्चराइज केलेलं असलं तरी घरी आणल्यावर ते उतू जाईस्तोवर तापवण्याची रीत सुटलेली नाही, आणि येर्सिनिया थंडीला दाद देत नसला तरी उकळीत टिकत नाही. इथल्या डॉक्टरांना मुलाच्या उजव्या कुशीत कळ आली की आधी दुसरे तोतये आठवतात: विषमज्वर, आतड्याचा क्षय, जंत. विषमज्वराचा जंतूही त्याच पायर्स पॅचेसवर बसतो आणि तिसऱ्या आठवड्यात आतड्याला भोक पाडू शकतो. थॅलेसेमिया असलेल्या मुलांबाबत मात्र येर्सिनियाची आठवण ठेवावी लागते. वारंवार रक्त दिल्याने शरीरात साठणारं लोह बाहेर काढायला डेस्फेरिऑक्सामिन देतात. हे औषध मुळात एका मातीतल्या जंतूने लोह पकडण्यासाठी बनवलेलं द्रव्य. येर्सिनियाच्या पुष्कळ जातींना स्वतःला असं द्रव्य बनवता येत नाही, पण दुसऱ्याचं आयतं वापरता येतं. मुलासाठी दिलेलं औषध जंतूला लोह पुरवतं. उल्हासनगरच्या सिंधी वस्तीत थॅलेसेमिया बराच आढळतो. हे औषध घेणाऱ्या मुलाचं पोट दुखून ताप आला तर डॉक्टर ते इंजेक्शन आधी थांबवतात, त्याचं कारण हे.

सोंगाड्यांबद्दल इतकं झाल्यावर खऱ्या अपेंडिसायटिसच्या जंतूंना वगळून चालणार नाही. त्यांचा शोधही मुलखावेगळा. १८९८ मध्ये पॅरिसच्या व्हेयों आणि झुबेर यांनी अपेंडिक्सच्या पुवात हवा सोसत नाही असे जंतू दाखवले. आज बॅक्टेरॉइड्स फ्रॅजिलिस म्हणून ओळखला जाणारा जंतू त्यांतलाच. उघड्या हवेत वाढवू पाहणाऱ्यांना तो भेटत नसे, म्हणून चाळीस वर्षं फारसं कुणी मनावर घेतलं नाही. १९३८ मध्ये विल्यम आल्टेमायरने फुटलेल्या अपेंडिक्सच्या १०० रोग्यांचा पू नीट तपासला. एका जंतूचं हे काम नसतं, अनेक जातींची मिळून टोळी असते, आणि तीत हवाद्वेष्टे जवळजवळ नेहमी असतात, हे तेव्हा पक्कं झालं. १९८९ मध्ये लॉस एंजेलिसच्या प्रयोगशाळेत अपेंडिक्सच्या नमुन्यांतून एक अगदी नवीन वंश मिळाला. पित्त मिळालं की जोमाने वाढतो म्हणून त्याचं नाव बिलोफिला. २०११ मध्ये बर्लिनच्या संशोधकांनी सुजलेल्या अपेंडिक्सच्या भिंतीत खोल घुसलेले फ्युजोबॅक्टेरियम दाखवले. हा एरवी तोंडात, हिरड्यांत राहणारा. तिथून तो भिंत फोडून यकृताकडे जाणाऱ्या शिरेत उतरला तर रक्ताची गाठ धरते. असं क्वचितच होतं, पण झालं तर मूल जिवाला मुकू शकतं.

खरं-खोटं ओळखण्याचं साधन अखेर ध्वनिलहरींनी दिलं. १९८६ मध्ये नेदरलँड्सच्या ज्युलियन पुइलार्ट याने अल्ट्रासाऊंडची कांडी हळूहळू दाबत पोटातला वायू बाजूला सारायचा आणि अपेंडिक्स पाहायचं, हे तंत्र प्रसिद्ध केलं. तोवर सुजलेलं अपेंडिक्स पोट न उघडता क्वचितच दिसे. तीन वर्षांनी त्यानेच दाखवलं, की जाड झालेलं लहान आतड्याचं टोक आणि टरारलेल्या गाठी दिसल्या, अपेंडिक्स मात्र दिसलं नाही किंवा साधं दिसलं, तर येर्सिनिया, सॅल्मोनेला नाहीतर कॅम्पिलोबॅक्टर यांच्यापैकी कुणीतरी सोंग घेऊन बसलंय, असं समजावं. अशा मुलांना सहसा सुरीची गरज लागत नाही. बहुतेक जण आपोआप बरे होतात.

तरी जंतूला नावानिशी पकडायचं तर त्याचं नाव आधी कुणीतरी घ्यावं लागतं. १९७९ मध्ये कॅनडात शीमन या संशोधकाने तीन जंतुरोधक द्रव्यं घातलेलं खास माध्यम बनवलं. त्यात येर्सिनियाची वसाहत मधोमध गडद लाल आणि कडेला पारदर्शक अशी उठून दिसते, आणि फ्रिजमध्ये आठवडे घालवावे लागत नाहीत. पण पुष्कळ प्रयोगशाळांत हे माध्यम नेहमीच्या तपासणीत नसतं. चिठ्ठीवर डॉक्टरांनी येर्सिनिया लिहिलं नसेल तर तो शोधला जात नाही. अलीकडे एकाच नमुन्यात अनेक जंतूंची जनुकं एकदम तपासणाऱ्या चाचण्या आल्या, त्यांत येर्सिनिया न विचारता तपासला जातो. अमेरिकेत या चाचण्या रुळल्या तशी त्याच्या नोंदींची संख्या वर गेली.